नाव न लिहिता: दहावीच्या हस्तलिखिताच्या कामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

दरवर्षी दहावीचा वर्ग जाताना शाळेला काहीतरी भेट देतो. भिंतीवरचं घड्याळ झालं, पोडियम झालं, मागच्या वर्षी पाण्याचा फिल्टर. यंदा बाईंनी हस्तलिखिताचा विषय काढला. वर्गातले आम्ही ३१ जण, प्रत्येकाचं एक शब्दचित्र, आणि शेवटी तो किंवा ती पुढे काय करणार ते. संपादक मंडळात मी, खालच्या वाडीतली माझी मैत्रीण, आणि ‘माका नको’ म्हणाला म्हणून बाईंनी मुद्दाम घेतलेला पखवाजवाला.

मधल्या सुट्टीत बसून दोन नियम केले. पहिला: शब्दचित्रात नाव लिहायचं नाही. वर्गात मोठ्याने वाचलं की कोण ते ओळखता आलं पाहिजे. नाही आलं तर परत लिहायचं. दुसरा पखवाजवाल्याचा: ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचायला द्यायचं, आणि त्याला कुठलंही एक वाक्य खोडायचा हक्क. एकच. कारण विचारायचं नाही. बाई म्हणाल्या, ‘मग तुम्ही एक वाक्य खोडण्यासाठीच घालाल.’ तोपर्यंत आम्हाला ते सुचलंही नव्हतं.

या वहीतही नावं येणार नाहीत. नियम तो नियम.

२० ऑगस्ट

‘पुढे काय करणार?’ अशा चिठ्ठ्या वाटून परत घेतल्या. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, मिल्ट्री, बरेच ‘बघू’, आणि आठ-नऊ ‘मुंबई’. मुंबई हा काही धंदा नव्हे, पण मालवण तालुक्यात हे उत्तर पूर्ण धरतात. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारलाच तर ‘कोणाकडे?’ एवढाच, मग काका डोंबिवलीत की मामा भांडुपला, हे कळलं की संपलं.

चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. त्यांच्यावरून ३१ शब्दचित्रं लिहिली तर ती चारच माणसांची वाटतील. त्यापेक्षा कोणी सांगितलेलं नसताना कोण काय करतं, ते बघून लिहायचं ठरलं.

२ सप्टेंबर

गणपती शनिवारी. वर्गातला चित्रकार आठवडाभर शाळेत नाही, म्हणून मी आणि मैत्रीण संध्याकाळी त्याच्या काकांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, गेलो. शाडूचे गणपती पाटांवर ओळीने, प्रत्येक पाटाखाली घराचं नाव खडूने. गावातली घरं आपापला पाट आषाढातच आणून देतात. काका रंग देतात, पण यंदा डोळे याच्याकडे. श्वास रोखून एक रेघ काढतो, मग बाजूला होऊन श्वास सोडतो. आमच्याशी बोलतच नव्हता. शेवटी म्हणाला, ‘तुमी उजेडात उभी आसास.’

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही झाल्यात. इंटरमिजिएटला ए ग्रेड, म्हणजे दहावीला सवलतीचे ७ गुण. हे ७ गुण त्याच्या घरी सगळ्यांना तोंडपाठ; चित्रकलेचा दुसरा फायदा अजून कोणी मानलेला नाही. त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचंय. ती संस्था १८५७ सालची, हे तो असं सांगतो की जणू आजोबांनी पाया घातला. त्यासाठी बारावी, मग सीईटी. आणि दर भाद्रपदात सुट्टी काढून डोळ्यांसाठी गावी. हे शेवटचं त्याने आत्ताच ठरवून टाकलंय.

२३ सप्टेंबर

आज रापणकरांच्या मुलीवर लिहिलं. मैत्रिणीने लिहिलं, मी तपासलं, दोघींचं भांडण झालं. मैत्रिणीचं वाक्य होतं: ‘तिला सगळे मासे ओळखता येतात.’ मी म्हटलं, आपल्या वर्गात मासे कोणाला ओळखता येत नाहीत? ती रात्री जेवताना हिशेबात बापसाला अडवते ते लिही.

होतं असं. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळ मारून जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. ओढायला अर्धा गाव. मासळीचा जागेवरच लिलाव होतो आणि पैशांचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. कोण उशिरा आला, कोणाचा अर्धा वाटा, कोणाला पैशांऐवजी पेडवे हवेत, हा सगळा हिशेब ती चौथी-पाचवीपासून तोंडी करते. बीजगणिताला सर फळ्यावर अपूर्णांक मांडेपर्यंत हिचं उत्तर तयार असतं. पण पायऱ्या लिहीत नाही, म्हणून गुण जातात.

तिला रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय. बारावी सायन्स, मग पदवी. तिचं म्हणणं, पर्ससीनवाल्यांशी (मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी मासे धरणाऱ्यांशी) वाद घालायला आमच्याकडे आवाज खूप आहेत, आकडे कोणाकडे नाहीत. कुठल्या महिन्यात कुठला मासा किती आला, हे वीस वर्षांचं कोणी लिहून ठेवलंय का? तिने गेल्या वर्षीपासून शाळेच्या जुन्या वहीत लिहायला घेतलंय. मागच्या पानांवर, कारण पुढे हिंदी आहे.

तिला वाचायला दिलं. खोडलं काहीच नाही. ‘मासे’ होतं तिथे ‘पेडवे, तारले आणि बांगडे’ असं करून परत दिलं.

२१ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होते न होते तोच विधानसभेच्या मतदानासाठी वर्ग रिकामे करून द्यावे लागले. काल मतदान झालं. आज बाक परत लावले. आमच्या बाकांखालची नावं दुसऱ्या वर्गात गेल्यामुळे दोन-तीन भांडणं.

या गडबडीत इलेक्ट्रिशियनचं शब्दचित्र आपोआप मिळालं. मतदानाचं पथक शाळेत मुक्कामाला होतं आणि रात्री त्यांच्या खोलीची लाइट गेली. शिपाईमामांनी कोणाला बोलावलं असेल? लाइनमनला नव्हे. हा हाफ पँटवर टॉर्च घेऊन आला, बटणांचा बोर्ड उघडला, पाली बाहेर काढल्या, तार बसवली, चहा प्याला, गेला. सकाळी आम्हाला सांगताना पालींचाच भाग मोठा.

त्याचं आयटीआय ठरलंय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं. वर्गात आयटीआय म्हटलं की मार्क कमी असणार असं धरतात. याला नववीत ८१ टक्के होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आम्ही सहावी संपवली होती, तीही मोबाइलवर. पोफळी आडव्या, पत्रे उडालेले, खांब मोडलेले, कित्येक दिवस लाइट नाही. बाहेरच्या जिल्ह्यांतून लाइनमन आले होते, त्यांच्यामागे हा वाडी-वाडी फिरला. त्यांना पाणी दे, शिडी धर. ‘लाइट इली तेवा म्हातारी माणसां पण रडली,’ म्हणाला.

खोडलेलं वाक्य: नववीच्या टक्क्यांचं. म्हणे, त्यावरून घरी परत डिप्लोमाचा विषय निघेल.

९ डिसेंबर

पखवाजवाल्यावर कोणी लिहायचं यावर आठवडा गेला. संपादक स्वतःवर लिहू शकत नाही. शेवटी मी लिहिलं.

वडील दशावतारी नाटक कंपनीत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मे महिन्यापर्यंत रोज रात्री नवा गाव. हा शनिवारी-रविवारी जातो, आणि खरं सांगायचं तर इतर वारीही. पखवाजाला बसतो, पण जीव स्त्रीपार्टात. दशावतारात पुरुषच बायकांची कामं करतात आणि संवाद कोणी लिहून देत नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, बाकी रंगमंचावर उभं राहून सुचलं पाहिजे. त्यामुळे याला तोंडी परीक्षेची भीती म्हणजे काय ते माहीत नाही. विज्ञानाच्या तोंडीला सरांनी अपवर्तन विचारलं, तर त्याने काचेच्या आत शिरणाऱ्या प्रकाशाचं असं स्वगत म्हटलं की सर थांबवायचंच विसरले. नियम मात्र सांगितला नाही. मार्क मिळाले अर्धे.

पहिल्या तासाला झोपतो. पहिल्याच बाकावर, ताठ बसून. ही विद्या वर्गात दुसऱ्या कोणाकडे नाही.

पुढे काय, तर चिठ्ठीवर ‘बी. कॉम.’ लिहिलं होतं. लोककलेच्या प्रयोगांना बोर्ड सवलतीचे गुण देतं. त्यासाठीचा कागद त्याने कंपनीतून वेळेत आणलाय. माणूस दिसतो तितका झोपाळू नाही.

वाचायला दिलं. मला वाटलं, साडीच्या निऱ्यांचं वाक्य जाईल (निऱ्या तो आमच्या सगळ्यांपेक्षा चांगल्या घालतो). ते राहिलं. झोपेचं खोडलं. ‘आजी वाचतली.’ म्हणजे हस्तलिखितात झोपेचं काही नाही. या वहीत आहे. आजी ही वही वाचणार नाही.

३ जानेवारी २०२५

पूर्वपरीक्षा तोंडावर, तरी एक पान झालं. धावणारी मुलगी. पहाटे किनाऱ्यावर धावते. जेटीपासून देवळापर्यंतचं अंतर इलेक्ट्रिशियनने टेपने मोजून दिलं आणि ८०० मीटरला चिऱ्याचा दगड रोवला. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. गोळा ४ किलोचा. गोळा नाही म्हणून रेशन दुकानात वजन करून घेतलेला चिऱ्याचा तुकडा फेकते. वाळूत धावायची सवय झाल्यावर मैदानावर पाय आपोआप सुटतात, असं तिचं शास्त्र.

अडचण उंचीची. १५५ सेंटीमीटर लागते. वर्गाच्या दाराच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलची रेघ मारून घेते, आणि आम्ही सगळे टाचा बघायला वाकतो. भरतीला अठरा पूर्ण आणि बारावी पास लागतं, म्हणजे रेघेला अजून वेळ आहे.

तिने खोडलं नाही. ‘बारीक लिवलास, मोठ्या अक्षरात लिव.’

११ जानेवारी

एका वाक्याच्या नियमाची खरी कसोटी आज लागली. पहिल्या नंबरवालीचं पान. आम्ही लिहिलं होतं की ती कंपासपेटीशिवाय सरळ रेघ काढते. की तिने वाडीतल्या पाण्याचे पाट कुठून कुठे जातात त्याचा नकाशा काढून ग्रामपंचायतीत नेऊन दिला, आणि पावसाळ्यात तो खरंच कामी आला. की सहलीला बसमध्ये सगळे गाणी म्हणत असताना ही खिडकीतून नद्या मोजत होती. शेवटी: ‘ती डॉक्टर होणार हे आम्हाला पाचवीपासून माहीत आहे.’

तिने नेमकं तेच खोडलं. पट्टी लावून.

मैत्रीण म्हणाली, ‘मग तिथे काय लिहायचं?’ ती म्हणाली, ‘काही नको.’ कारण विचारायचं नाही, असा नियम. पखवाजवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. नियम त्याचाच. चित्रकलेच्या सरांनी मोकळ्या जागेत वेलबुट्टी काढायला सांगितली, ती आम्ही काढली नाही. पान तसंच अर्धं.

ओरोसला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी मेडिकल कॉलेज २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्याकडे हुशार मुलीला दुसरं काही विचारायची पद्धत बंद झालीय, हे माझं मत. हस्तलिखितात नाही.

१८ जानेवारी

सगळा मजकूर एकाच हातून उतरवून घ्यायचा ठरला आणि तो हात कोणाचा यावर वाद झाला नाही. चिरेखाणीवरच्या मुलाचा. आई-वडील विजापूरकडचे, घरात कन्नड. पाचवीत आला तेव्हा ‘ळ’ सोडून त्याचं काही चुकायचं नाही, आणि ‘ळ’ तर आमचाही चुकतो. आज शाळेत याच्यासारखं मराठी अक्षर बाईंचंही नाही. बाई स्वतः कबूल करतात. कट निबच्या पेनाने लिहितो, ओळीखाली ओळ आखत नाही. विचारलं तर म्हणाला, खाणीत बाबा दोरी न लावता चिरा सरळ कापतात.

मालवणच्या तंत्रनिकेतनात सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय. चिरे कापणारे, वाहणारे, लावणारे घरात आहेत. नकाशा वाचणारा कोणी नाही. अडचण कागदांची. डोमिसाइलसाठी लागणारे पुरावे, आणि पावसाळ्यात खाणी बंद झाल्या की बिऱ्हाड गावी जातं. पहिल्या नंबरवालीने सगळ्या कागदांची यादी करून दिलीय आणि दर सोमवारी तपासते.

त्याच्यावरचं शब्दचित्र त्यानेच उतरवायचं म्हणजे पंचाईत. काहीही खोडलं नाही. पण त्याच्या पानावर अक्षर थोडं लहान आलंय.

३ फेब्रुवारी

आज बांधणी. प्रात्यक्षिक परीक्षा चालू, त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर बसून. मैद्याची खळ शिजवली, त्यात मोरचूद घातलं; नाहीतर आमच्या शाळेत वाळवी वाचकांच्या आधी पोचते. पुठ्ठ्याला सुती कापड, दोऱ्याची शिवण. मुखपृष्ठावर चित्रकाराने ३१ डोळ्यांच्या जोड्या काढल्या. चेहरे नाहीत. आम्ही अर्धा तास कोण कोणते ते ओळखत बसलो आणि खळ करपली. परत शिजवली.

उरलेली पानं झटपट झाली, आणि ती चांगलीही झाली. मुंबईवाल्यांना आम्ही एकत्र जोडून लिहिलं. कोण कॉमर्स करणार, कोण काकाच्या दुकानात बसून बाहेरून बारावी देणार. जुळ्या भावांपैकी एक गोव्यात मोपा विमानतळावर, जिथे मोठा भाऊ आधीच आहे. दुसरा ‘तो जातोय म्हणून मी नाही’ म्हणून गावात. आंबेवाला कृषी डिप्लोमा करणार. त्याने शाळेच्या कुंपणाशी बाठ्यातून उगवलेल्या रोपावर कोय कलम बांधलंय आणि त्याखाली पाटी लावलीय: ‘हात लावू नये, मी लक्ष ठेवून आहे.’

१५ फेब्रुवारी

निरोप समारंभ. भाषणं नेहमीची. मग बाईंनी हस्तलिखित वाचलं, नावाशिवाय. प्रत्येक पानाला दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच वर्ग ओरडायचा. दशावताराच्या पानाला तर नववीही ओरडली. अर्ध्या पानाला बाई थांबल्या, पान उलटून बघितलं, पुढे गेल्या. ओळखायला कोणाला वेळ लागला नव्हता.

मग उसळ-पाव, बटाटेवडे, हॉल तिकिटं, बैठक क्रमांक.

१७ मार्च

भूगोलाचा पेपर झाला, दहावी संपली. २१ फेब्रुवारीला मराठीने सुरू झाली, दुसऱ्याच दिवशी आंगणेवाडीची जत्रा. विज्ञान दोन संपलं तर होळी. कोकणात बोर्डाचं वेळापत्रक आणि देवांचं वेळापत्रक यांची कधी भेट होत नाही. पखवाजवाला शिमग्यात दिसला, इतिहासाच्या पेपरलाही दिसला, मध्ये कधी झोपला माहीत नाही.

पहिल्या नंबरवाली केंद्राबाहेर आली आणि प्रश्नपत्रिकेतल्या नकाशावर बोलायला लागली. कोणीही ऐकत नव्हतं.

१३ मे

निकाल. कोकण विभाग राज्यात पहिला, ९८.८२ टक्के, विभाग झाल्यापासून तो पहिलाच येतोय. आमच्या वर्गातले ३० पास. आंबेवाल्याचं गणित राहिलं. दुपारी त्याच्याकडे गेलो तर तो आंब्याच्या पेट्या भरत होता. ‘पेटी चार डझनाची, इतको हिशेब माका जमता,’ म्हणाला. रापणकरांची मुलगी तिथेच पाटावर बसून त्याला बीजगणिताच्या पायऱ्या दाखवू लागली. स्वतः ज्या कधी लिहिल्या नाहीत त्या.

पहिल्या नंबरवालीला ९६.४०.

२८ मे

यंदा पहिल्यांदाच अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन. दहा कॉलेजं पसंतीने भरता येतात. आमच्या तालुक्यात बसून दहा कॉलेजं शोधायची म्हणजे शेवटची चार एसटीच्या मुक्कामाच्या गाडीने गाठावी लागतील. त्यात २५ तारखेला मान्सून तळकोकणात आला, इतक्या लवकर आला की शेणी अजून अंगणात. नेटवर्क नाही. इलेक्ट्रिशियनने त्याच्या घरच्या इन्व्हर्टरवर राउटर चालू ठेवला आणि पडवीत अर्ध्या वर्गाचे अर्ज भरले गेले.

पहिल्या नंबरवालीने पहिल्या पसंतीला कला शाखा टाकली. भूगोल. सायबर कॅफेत नाही, आमच्यासमोर, शांतपणे. ज्या कॉलेजचं नाव होतं तिथून घरी फोन गेला, ‘चुकून भरलंय का?’ म्हणून. घरी मग जे झालं ते मी लिहीत नाही. तिने खोडलं असतं.

१४ जुलै

हस्तलिखित ग्रंथालयाच्या कपाटात, पण कपाटात कधी नसतंच. यंदाच्या दहावीकडे फिरतंय. त्यांनी निरोप पाठवला की त्यांचा नियम दोन वाक्यं खोडायचा आहे. पखवाजवाल्याचं मत, एकच ठेवा, दोन झाली की माणूस भित्रा होतो.

चिरेखाणवाल्याचं डोमिसाइल आलं, तंत्रनिकेतनचा अर्ज भरला, यादीची वाट. धावणारीने सुट्टीत येऊन चौकटीवर रेघ मारून घेतली. आता तिथे यंदाच्या वर्गाच्याही रेघा सुरू झाल्यात. चित्रकार पाटांवर नावं घालतोय.

राहिलेली कामं:
मुंबईला गेलेल्यांसाठी पानांचे फोटो काढून पाठवणे. सावली पडू नये म्हणून पडवीत, दुपारी, पाऊस नसताना.
मधल्या चार पानांची शिवण सुटलीय, ती घालणे.
आंबेवाल्याचा पुरवणी परीक्षेचा निकाल आला की त्याच्या पानावर कृषी तंत्रनिकेतनचं नाव भरणे. अक्षर चिरेखाणवाल्याचंच हवं, तेव्हा तो विजापूरहून आल्यावर.